कुठपर्यंत आलं? – सुरू होतानाच कोसळणाऱ्या संगणकाची गोष्ट



मागचे काही भाग आपण लढायांवर बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, हे काय मध्येच काढलंत? आज मी बोलणार आहे बटण दाबल्यावर सुरूच न होणाऱ्या संगणकाबद्दल. यालाही इतिहास आहे, चांगला सत्तर वर्षांचा. त्यात एक छोटी गोष्ट माझी आहे आणि ती फारशी अभिमानाची नाही. ती सांगायची म्हणूनच खरं तर हा भाग करतोय.

सुरुवात १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारपासून. मी उत्तरेतल्या एका विमानतळावर रांगेत उभा होतो. काउंटरवरचे सगळे पडदे निळे. एक पंचविशीची मुलगी बॉलपेननं बोर्डिंग पास लिहीत होती. नाव, फ्लाइट, सीट, सगळं हातानं. माझ्यापुढे माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. ते तिच्यावर ओरडत होते, "तुम लोगोंने क्या कर दिया है?" ती मान खाली घालून लिहीत राहिली.

मला एकदम सत्तावीस वर्षांपूर्वीचा माझा एक हवालदार आठवला. त्याच्याकडे येतो. आधी थोडा इतिहास.

बुटाची पट्टी

संगणक सुरू करण्याला 'बूट' करणं का म्हणतात? इंग्रजीत एक जुनी कल्पना आहे, आपल्याच बुटाच्या मागची पट्टी ओढून स्वतःला वर उचलायचं. अशक्य गोष्ट. संगणकापुढे हीच अडचण असते. त्याची काम करण्याची स्मृती वीज गेली की कोरी होते. प्रोग्रॅम आत आणायचा तर तो आणणारा प्रोग्रॅम आधी आत हवा. तो कोणी आणायचा?

१९७५ मध्ये अमेरिकेत अल्टेअर ८८०० नावाचा संगणक आला. त्याला कीबोर्ड नव्हता, पडदा नव्हता. पुढच्या पट्टीवर खटके होते. ते वरखाली करून सुरुवातीचे वीसेक आकडे हातानं भरायचे, मग यंत्राला कागदी टेप वाचता यायची. बिल गेट्सचा जोडीदार पॉल अ‍ॅलन या यंत्रासाठी लिहिलेली बेसिक भाषा दाखवायला विमानानं अल्बुकर्कीला निघाला. विमान उतरायच्या बेतात असताना त्याच्या लक्षात आलं की टेप आहे, पण टेप आत घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहिलेलाच नाही. तो त्यानं विमानातच बसल्या जागी लिहिला. पुढे मायक्रोसॉफ्ट झालेल्या कंपनीची सुरुवात बूट करण्याच्या अडचणीतून वाट काढत झाली, असं म्हणायला हरकत नाही.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमनं पीसी आणला. त्यात हा पहिला प्रोग्रॅम एका चिपमध्ये कायमचा कोरलेला होता. त्याला म्हणतात बायोस. वीज आली की तो आधी अंगझडती घेतो: स्मृती ठीक? कीबोर्ड जोडलाय? फ्लॉपी आहे? मग डिस्कवरचा अगदी पहिला तुकडा, फक्त ५१२ बाइटचा, उचलतो आणि सूत्रं त्याच्या हाती देतो. तो तुकडा पुढच्याला शोधतो, पुढचा विंडोजच्या गाभ्याला, गाभा ड्रायव्हरना.

फौजी भाषेत सांगतो. हा चौकीचौकीनं जाणारा निरोप आहे. पहिली चौकी दुसरीला देते, दुसरी तिसरीला. शेवटच्या चौकीवर निरोप पोचला नाही, तर त्या चौकीवर जाऊन आरडाओरडा करण्यात अर्थ नसतो. शेवटची पोच कोणत्या चौकीची आहे ते बघायचं. बिघाड तिच्या आणि पुढच्या चौकीच्या मध्ये कुठेतरी असतो.

आयबीएमच्या लोकांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून अंगझडतीत सगळं ठीक असेल तर यंत्र एकदा 'पीं' करायचं. नसेल तर आकडा दाखवायचं. २०१ म्हणजे स्मृती, ३०१ म्हणजे कीबोर्ड, ६०१ म्हणजे फ्लॉपी. पडदाच बंद असेल तर शिट्ट्या मोजायच्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये दुरुस्ती करणारी मुलं एके काळी कानानं निदान करायची. लांब शिट्टी ऐकली की कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं घासायचे, परत बसवायची. निम्म्या वेळा यंत्र सुरू व्हायचं. गंजलेला सांधा साफ झाला, बस.

हवालदाराची रजा

आता माझी गोष्ट. साल १९९७, जानेवारी. आमची पलटण उंचावर होती, खिंडीच्या पलीकडे. मी मेजर होतो. ऑफिसात एकच संगणक होता, ४८६. त्यावर सगळ्या पलटणीचं रजेचं रजिस्टर, कागदपत्रं, महिन्याचे अहवाल. तो चालवायचा आमचा हवालदार क्लार्क, कुमाऊँचा, शांत माणूस.

एका सकाळी संगणक सुरू होईना. काळ्या पडद्यावर दोन-तीन ओळी आणि शेवटी हार्ड डिस्क मिळत नाही अशा अर्थाची तक्रार. महिन्याचा अहवाल दोन दिवसांत ब्रिगेडला जायचा होता. मी पहिला प्रश्न काय विचारला? "रात्री शेवटचा हात कोणी लावला?" तो म्हणाला, "साब, मैंने बंद किया था। मैंने कुछ नहीं किया।"

मी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला. दुसऱ्या दिवशी तो रजेवर निघणार होता, बहिणीचं लग्न होतं. मी म्हटलं, डेटा सापडेपर्यंत रजा थांबवा. खाली जाणारा काफिला त्याला न घेता गेला. त्याच रात्री बर्फ पडलं आणि खिंड बंद झाली.

चौथ्या दिवशी आमच्याच बाजूच्या एका वर्कशॉपमधून एक नाईक आला. विशीतला पोरगा. त्यानं कोणालाही काही विचारलं नाही. संगणक बंद केला, परत चालू केला आणि हात मागे बांधून बघत राहिला. मला म्हणाला, "साब, पहले देखते हैं कहाँ तक आया।" स्मृतीची मोजणी झाली. कीबोर्डचे दिवे लागले. फ्लॉपीचा दिवा लागला, विझला. मग त्या ओळी आल्या. त्यानं सेटअप उघडला. तारीख होती १ जानेवारी १९८०.

"बैटरी गई," तो म्हणाला.

त्या काळच्या संगणकाला आपली हार्ड डिस्क केवढी, तिचे भाग किती, हे आपणहून कळेलच असं नव्हतं. ते आकडे एका छोट्या स्मृतीत ठेवलेले असत आणि ती स्मृती एका बॅटरीवर जिवंत राहायची. ही सोय १९८४ च्या आयबीएम एटीपासून आली. आमची बॅटरी थंडीनं आणि वयानं संपली होती. रात्री वीज बंद केली आणि यंत्र आपली डिस्कच विसरलं. डिस्कला काहीही झालं नव्हतं. नाईकानं कॅबिनेट उघडलं, डिस्कच्या लेबलवरचे तीन आकडे वाचले, सेटअपमध्ये भरले. संगणक सुरू झाला. सगळी कागदपत्रं जागच्या जागी. एकूण वेळ वीस मिनिटं. जाताना त्यानं ते तीन आकडे कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवले आणि सांगितलं, नवीन बॅटरी येईपर्यंत बंद झालं तर हे परत भरा.

तो गेल्यावर मी हवालदाराचा लेखी खुलासा परत काढला, फाडून टाकायला. त्यात त्यानं पडद्यावरची प्रत्येक ओळ नेटक्या अक्षरात उतरवून दिली होती. पहिलीच ओळ होती, 'सीमॉस बॅटरी स्टेट लो'. उत्तर माझ्या टेबलावर तीन दिवस पडून होतं. मी तो कागद वाचला होता, पण त्यात कबुली आहे का एवढंच बघत वाचला होता.

खिंड अकरा दिवसांनी उघडली. तोवर लग्न होऊन गेलं होतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "कोई बात नहीं साब।" पण बात होती.

यंत्र बंद पडलं की आपण आधी माणूस शोधतो. 'कोणी केलं?' हा प्रश्न तोंडातून आपोआप येतो. 'कुठपर्यंत आलं?' हा प्रश्न शिकावा लागतो. खरं म्हणजे मला तो यायला हवा होता. एलएमजी फायर करताना अडली तर आम्ही रिक्रूटला काय शिकवतो? कोणावर ओरडायचं नाही, ठरलेल्या क्रमानं हात चालवायचे, प्रत्येक पायरीला बघायचं की काय दिसतंय. रायफलच्या बाबतीत जे मला येत होतं, ते संगणकापुढे सुचलं नाही.

जेव्हा खरोखर कोणीतरी केलेलं असतं

तुम्ही म्हणाल, कधी कधी माणसाचाच हात असतो की. असतो. निरोपाची साखळी सगळ्यात नाजूक असते ती सुरुवातीला, कारण तिथे पहारा कमी असतो. जानेवारी १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा प्रोग्रॅम सोडला. आयबीएम पीसीवरचा तो पहिला व्हायरस मानला जातो. फ्लॉपीच्या त्या पहिल्या तुकड्याच्या जागी तो स्वतः जाऊन बसायचा. आत चक्क भावांची नावं, पत्ता आणि फोन नंबर होते. आमच्या प्रोग्रॅमच्या चोरट्या प्रतींवर नजर ठेवायला केला, असं त्यांचं म्हणणं. बघता बघता तो जगभर पोचला.

मग २६ एप्रिल १९९९, सोमवार. कारगिलची पहिली खबर यायच्या काही दिवस आधी. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं लिहिलेला 'सीआयएच' व्हायरस त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेची ती तारीख, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणतात. तो डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचाच, आणि काही यंत्रांमध्ये थेट बायोसची चिपच खराब करायचा. म्हणजे पहिली चौकीच उडवली. शिट्टी नाही, आकडा नाही, पडदा काळा. दक्षिण कोरियात आणि तुर्कस्तानात मोठं नुकसान झालं. अशा वेळी चिप बदलण्यावाचून किंवा नव्यानं लिहिण्यावाचून उपाय नव्हता.

निळा पडदा आणि सेफ मोड

१९९३ मध्ये विंडोज एनटी आली आणि तिच्यासोबत तो निळा पडदा. लोक त्याला मृत्यूचा पडदा म्हणतात. मला तो प्रामाणिक वाटतो. विंडोजच्या गाभ्याला कळलं की आपल्याच स्मृतीत काहीतरी चुकीचं आहे, तर पुढे चालत राहून डिस्कवर कचरा लिहिण्यापेक्षा जागच्या जागी थांबलेलं बरं. थांबताना तो एक नंबर देतो. तो नंबर म्हणजे शेवटच्या चौकीची पोच. उदाहरणार्थ, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणजे गाभा जागा झाला, पण ज्या डिस्कवरून आला तिच्यापर्यंतच हात पोचत नाही. बऱ्याचदा डिस्क शाबूत असते, सेटअपमधली एखादी नोंद किंवा ड्रायव्हर बदललेला असतो.

थोरामोठ्यांनाही त्यानं सोडलं नाही. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्सच्या समोर विंडोज ९८ दाखवताना स्कॅनर जोडला आणि भर सभेत निळा पडदा. गेट्स हसून म्हणाले की म्हणूनच अजून विक्रीला काढली नाही.

दुरुस्तीवाल्यासाठी मोठी सोय आली ती १९९५ मध्ये, विंडोज ९५ बरोबर: सेफ मोड. सुरू होताना एफ-८ दाबायचं. यंत्र फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन उठायचं. सेफ मोडमध्ये उठलं तर बिघाड बाहेरून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये असण्याची शक्यता मोठी. तिथेही उठलं नाही तर डिस्क, स्मृती किंवा विंडोजच्या मूळ फायली तपासायच्या. एका पायरीत अर्धा शोध संपला.

पण पुढे हे दार आत आत सरकत गेलं. विंडोज एक्सपी तर कोसळल्यावर आपोआप पुन्हा सुरू व्हायची. निळा पडदा क्षणभर चमकून जायचा आणि यंत्र गोल गोल फिरत राहायचं. २०१२ च्या विंडोज ८ पासून सुरुवात इतकी वेगवान झाली की एफ-८ दाबायला वेळच उरला नाही. पडद्यावर आकड्यांच्या रांगांऐवजी उदास चेहरा आला. सामान्य माणूस घाबरू नये हा हेतू चांगला, पण त्याला वाचायला मिळणारं कमी झालं.

अठ्ठ्याहत्तर मिनिटं

आता परत त्या शुक्रवारी येऊ. क्राउडस्ट्राइक ही संगणकांना संरक्षण देणारी अमेरिकी कंपनी. तिचा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि अगदी सुरुवातीला जागा होतो, सीआयएचसारख्या चोरांना वेळीच पकडता यावं म्हणून. आपल्या घड्याळात सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीनं त्याला माहितीची एक नवी फाईल पाठवली, चॅनेल फाईल २९१. त्या फाईलनं एकविसाव्या रकान्यात बघायला सांगितलं. प्रत्यक्षात रकाने वीसच पुरवलेले होते. पहारेकऱ्यानं विसाच्या पुढे हात घातला, गाभा थांबला, निळा पडदा. पुन्हा सुरू केलं की पहारेकरी पुन्हा आधी उठायचा, तीच फाईल वाचायचा, पुन्हा निळा पडदा.

१० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीनं फाईल मागे घेतली. अठ्ठ्याहत्तर मिनिटं. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रं पडली होती, जगातल्या एकूण विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. पण ती विमानतळांवर, रुग्णालयांत, बँकांत होती. अमेरिकेत एकट्या डेल्टा कंपनीची पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली. आपल्याकडे हातानं लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो सगळ्यांनी पाहिले.

उपाय काय होता? एका ओळीचा. सेफ मोडमध्ये जा, ती फाईल पुसा, पुन्हा सुरू करा. पण बंद पडलेल्या यंत्राला दुरून हुकूम देता येत नाही. बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणूस चालत गेला. आणि अनेक यंत्रांच्या डिस्कला कुलूप होतं, बिटलॉकरचं. ते उघडायला ४८ आकडी किल्ली लागते. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तो सर्व्हरही निळा पडला होता. माझ्या नाईकानं तीन आकडे कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवले होते, ते मला तेव्हा आठवलं. किल्ली अशी उघड्यावर चिकटवायची नाही हे खरं, पण ती त्याच कुलपाच्या आतही ठेवायची नाही.

२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं निळा पडदा काळा केला आणि न उठणारं यंत्र स्वतःच इंटरनेटवरून दुरुस्ती मागवू शकेल अशी सोय सुरू केली. चांगलं आहे. पण घरचा संगणक अडला की पहिली पाच मिनिटं तुमचीच असतात.

तुमच्या घरी

तेव्हा काय करायचं? आधी मोबाइलनं पडद्याचा फोटो काढा, सगळ्या ओळींचा. मग बघा, कुठपर्यंत आलं. पंखा, दिवा काहीच नाही, तर वीज, चार्जर, केबल. दिवा आहे पण पडदा काळा आणि शिट्ट्या, तर बहुधा रॅम. कंपनीचं चिन्ह दिसून 'बूट डिव्हाइस नाही' म्हणतोय, तर आधी पेनड्राइव्ह काढा, मग सेटअपमध्ये डिस्क दिसते का बघा. तारीख भलतीच मागे गेली असेल तर छोटी गोल बॅटरी बदला, स्वस्तात काम होतं. विंडोजचं चक्र फिरताना कोसळतोय, तर काल नवीन काय टाकलं ते आठवा. सुरुवात दोन-तीनदा फसली की विंडोज बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्तीचा मेनू दाखवते. त्यातून सेफ मोडमध्ये जा आणि नवीन टाकलेलं काढा. डिस्क टकटक आवाज करत असेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. बंद करा आणि जाणत्याकडे न्या, यंत्रापेक्षा आतले फोटो महाग असतात. आणि बिटलॉकरची किल्ली आजच कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवा.

त्या दिवशी विमानतळावर माझी पाळी आली. मुलीनं वर न बघताच नाव विचारलं. मी सांगितलं आणि म्हटलं, "बेटा, यह आपकी वजह से नहीं हुआ।" तिनं वर बघितलं, मग पेन पुन्हा चालवलं. माझं आडनाव तिनं थोडं चुकीचं लिहिलं. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. तो पास अजून माझ्याकडे आहे, हवालदाराच्या त्या खुलाशासोबत. तो कागद मी शेवटी फाडला नव्हता.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.